एक गाव, एक रात्र, दोन आंघोळी

गरम पाण्याच्या कुंडावर सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी यादी तयार होते. सकाळी सहाला बोईसरहून निघायचं, वज्रेश्वरीचं दर्शन घ्यायचं, अकलोलीच्या कुंडात उतरायचं, मग गणेशपुरी, वाटेत एखादा धबधबा, जमलं तर येताना सातिवली, आणि रात्री नऊच्या आत घरी. आमच्या सोसायटीनंही पहिल्या वेळी हेच केलं. माणसं एकवीस, मिनी बस एक आणि ठिकाणं पाच. कुंडापाशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. डिसेंबर असूनही ऊन डोक्यावर आलेलं, पोटात नुकताच खाल्लेला वडापाव, आणि पुढच्या ठिकाणाला उशीर होतोय म्हणून सगळ्यांची घाई. पासष्टीचे एक काका कुंडातून झटकन उठले, दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. त्यांना आडवं करून पाय उंचावर ठेवले, वारा घातला, घोटघोट पाणी पाजलं. पाऊण तासानं ते सावरले. तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही. त्या वेळी आमच्यातल्या एकालाही कुंडातलं पाणी किती गरम आहे, काका किती वेळ आत होते, त्यांनी रक्तदाबाची गोळी कधी घेतली होती, यातलं काहीच सांगता आलं नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही जातो, पण यादी केलेली नाही. गाव एकच, मुक्काम एका रात्रीचा आणि आंघोळी दोन: पहिली संध्याकाळी, दुसरी पहाटे. बाकी सगळं या दोन आंघोळींच्या भोवती बसवायचं. पालघर, बोईसर, तारापूर भागातून कुणी असा बेत करत असेल, तर तो कसा आखावा हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू, कारण कसं वागायचं हे त्यावरून ठरतं. कोकणच्या किनाऱ्याला समांतर, सह्याद्रीच्या पायथ्यालगत, गरम झऱ्यांची तीनशे किलोमीटरहून लांब अशी एक ओळ आहे. तिचं उत्तरेकडचं टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. मनोरच्या आसपास कोकणेर, हालोली, मग सातिवली, तिथून पुढे तानसा नदीच्या काठावर अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी, आणि खाली रायगड-रत्नागिरीत सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी करत ही ओळ राजापूरला जाते. ‘ऊन’ म्हणजे गरम, हा शब्द आपण आता फक्त सूर्यासाठी ठेवलाय. पण राजापूरचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, खानदेशातलं उनपदेव, किनवटकडचं उनकेश्वर या नावांत तो जुन्या अर्थानं जिवंत आहे. गावाच्या नावातच पाण्याची खूण ठेवलेली.

हे झरे ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसं तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढत जातं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगांतून दाबानं वर येतं. म्हणून ते वर्षभर गरम असतं आणि थंडीत त्यावर वाफ दिसते. लोक त्याला सरसकट गंधकाचं पाणी म्हणतात. प्रत्यक्षात कोकणपट्टीतल्या या झऱ्यांत मुख्यतः क्षार असतात, सोडियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं. चव घेतली तर खारट लागतं. त्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, गुडघ्यांना काही तास आराम पडतो, झोप छान लागते. एवढं मी स्वतः अनुभवलंय आणि माझ्या दृष्टीनं एवढं पुष्कळ आहे. त्वचारोग किंवा संधिवात ‘बरा’ होईल या आशेवर कुणाची औषधं बंद करायला लावू नका.

गाव कोणतं निवडावं

गट मोठा असेल आणि मुक्काम करायचा असेल तर वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी हा टापू सोयीचा. ही गावं ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात येतात, पण आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच आहेत. तिन्ही गावं एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, चहूबाजूंनी डोंगर, मधून तानसा. लॉज, भक्तनिवास, बागेतल्या खोल्या, जेवणाच्या खानावळी, सगळं आहे. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाजवळ कुंडं आहेत, गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळापाशी. गणेशपुरी हे भगवान नित्यानंदांचं गाव. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी तिथे देह ठेवला आणि त्यांच्या समाधीच्या दर्शनाला देशोदेशीचे लोक येतात. त्या गावाला स्वतःची एक शांतता आहे. तिथे जाणाऱ्या गटानं मोठ्यानं गाणी लावून शिरू नये, ही माझी कळकळीची विनंती.

वज्रेश्वरीचं देऊळ आपल्या वसईच्या इतिहासाशी बांधलेलं आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेवर असताना देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये किल्ला सर झाला, आणि नवस फेडण्यासाठी हे देऊळ बांधलं गेलं. म्हणून त्याचा आकार किल्ल्यासारखा आहे, तटबंदी आणि दगडी पायऱ्यांसह. पायऱ्या बावन्न आहेत. हा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो आधी माहीत असायला हवा. कुंडातून निघाल्यावर लगेच या पायऱ्या चढायच्या नाहीत. दर्शन आंघोळीच्या आधी तरी घ्या, नाहीतर चांगली तासाभराची विश्रांती झाल्यावर.

सातिवली जवळ आहे, लहान आहे, आणि अर्ध्या दिवसासाठी दोन-तीन कुटुंबांना पुरेसं आहे. वीस माणसांना मुक्कामासाठी मी ते सुचवणार नाही. जाणार असाल तर एक सावधगिरी: वसई पूर्वेलाही सातिवली नावाचा कारखान्यांचा भाग आहे. मोबाइलवरच्या नकाशात नुसतं सातिवली टाकलं तर गाडी तिथे जाऊन उभी राहू शकते. आपल्याला हवी ती सातिवली महामार्गालगतची, मनोरच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली. ड्रायव्हरला हे तोंडी सांगा. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या बाजूला गेलात तर बहाडोलीची जांभळं विचारा. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे जांभूळ आहे, टपोरं आणि गराचं.

कोकणेर आणि हालोलीचे झरे गावातले आहेत. तिथल्या माणसांच्या रोजच्या वापरातल्या जागी बस भरून जाणं मला योग्य वाटत नाही.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातही मधल्या वारी. तारापूर एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुटी बऱ्याचदा रविवार सोडून येते. एरवी त्याची तक्रार असते, पण या सहलीसाठी ती देणगी आहे. रविवारी मुंबई-ठाण्याहून आलेल्या गाड्यांनी रस्ते भरतात आणि कुंडांतलं पाणी माणसांनी घुसळून निघतं. मंगळवारी संध्याकाळी त्याच कुंडात आम्ही सहा-सात जण होतो आणि काठावर एक गावकरी आजोबा. नवरात्र, गुरुपौर्णिमा, चैत्र अमावस्येची वज्रेश्वरीची यात्रा, या दिवसांत जायचं तर देवासाठी जावं. निवांत आंघोळीची अपेक्षा धरू नये.

पावसाळ्यात हा भाग डोळ्यांचं पारणं फेडतो हे खरं, पण मी पावसाळ्यात गट नेत नाही. काही झरे थेट तानसाच्या पात्रात किंवा पात्राला लागून आहेत. वर १८९२ साली बांधलेलं तानसा धरण आहे. ते भरून वाहायला लागलं की नदी वाढते आणि काठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. त्या काठावर वीस माणसांवर लक्ष ठेवणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही.

गाडी आणि रस्ता

बोईसरकरांनी चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागावं, पालघरकरांनी वाघोबा खिंडीतून मनोरला उतरावं. तिथून दक्षिणेला ढेकाळे, खानिवडे करत शिरसाड फाटा, आणि डावीकडे वळून अंबाडीच्या रस्त्यानं पारोळ, उसगाव मागे टाकत वज्रेश्वरी. बोईसरहून साधारण ऐंशी किलोमीटर. दोन तासांत होतं, पण महामार्गावर कोंडी लागली तर तीन धरा. दुसरा रस्ता मनोरहून वाडा, कुडूस, अंबाडी असा. थोडा लांबचा, पण डोंगर-शेतांमधून जाणारा. परतताना आम्ही तो घेतो, कारण वाड्याला कोलम तांदूळ घेता येतो.

रेल्वेनं यायचं तर डहाणू-चर्चगेट लोकलनं विरारला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. चौघा-पाचांना हे परवडतं. त्याहून मोठा गट असेल तर मात्र गाडीच करावी, कारण म्हाताऱ्या माणसाला मध्येच खोलीवर परत न्यायची वेळ आली तर आपलं वाहन हाताशी हवं.

गाडी ठरवताना दर किलोमीटरचा दर विचारून थांबू नका. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता किती, टोल कुणाकडे, आणि त्याच्या झोपण्याची व्यवस्था काय, हे चार प्रश्न आधीच सोडवा. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. रात्रभर सीटवर अवघडून झोपलेल्या माणसाच्या हाती सकाळी आपली पोरंबाळं सोपवणं बरोबर नाही. त्याच्यासाठी खाट आणि ताट, दोन्ही वर्गणीत धरा. आणि मागच्या सीटवरही पट्टे लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. ते दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. आपण रोज वापरतो तोच हा महामार्ग.

खोली घेताना फोनवर काय विचारावं

पहिला प्रश्न: कुंडाचं पाणी की गीझरचं? काही ठिकाणी ‘गरम पाण्याची सोय’ असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ न्हाणीघरात गीझर आहे एवढाच असतो. झऱ्याचं पाणी नळानं आणलं असेल तर हौद किती दिवसांनी रिकामा करून घासतात, तेही विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. नीट निगा राखणारा मालक आनंदानं सांगतो. दुसरा: तळमजल्यावर किती खोल्या आहेत आणि कमोड कितीमध्ये आहे? तिसरा: वीस माणसांना किती संडास-न्हाणीघरं? पहाटे साडेचारला सगळे एकदम उठणार असतात, हे विसरून बेत केला की पहाटेची आंघोळ सूर्योदयानंतर होते. चौथा: चूल पेटवू देतात का, की जेवण त्यांचंच घ्यावं लागेल? आधारकार्डाची प्रत प्रत्येक मोठ्या माणसाची लागते, ती एकाच्या मोबाइलवर गोळा करून ठेवू नका. ज्याचं त्यानं बाळगावं.

शक्य असेल तर दोघांनी आठवडाभर आधी मोटारसायकलवर जाऊन जागा आणि कुंडं पाहून यावीत, आणि त्यातली एक बाई असावी. बायकांचं कुंड वेगळं आहे का, कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का, खोलीला छत आहे की वरच्या गच्चीवरून आत दिसतं, संध्याकाळी तिथे दिवा असतो का, हे पुरुषाच्या नजरेतून सुटतं. आमच्याकडून एकदा सुटलं होतं. त्या वर्षी आमच्याबरोबर आलेल्या आठ जणींपैकी सहा जणी काठावर पाय सोडून बसल्या आणि तशाच परत आल्या. आता आम्ही दोन जाड चादरी आणि एक दोरी नेतो, आणि बायकांच्या आंघोळीची वेळ आधी ठरवतो, उरलेल्या वेळेत पुरुषांची.

साडीपेक्षा जुना सुती पंजाबी ड्रेस बरा, ओढणी काठावर ठेवून. भिजलेली साडी पायात अडकते, आणि शेवाळलेल्या पायरीवर तेवढं पुरतं. दागिने घरीच ठेवा. कुंडाजवळ मोबाइल काढायचा नाही, हा नियम निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आपल्याच माणसांचा फोटो काढताना मागे आंघोळ करणारी अनोळखी बाई त्यात येते, आणि तो फोटो संध्याकाळपर्यंत पन्नास घरांत जातो. आणखी एक: कुणी पाण्यात उतरत नसेल तर कारण विचारायचं नाही. एकदाही नाही.

पाण्यात

सगळ्यात जपून वाचावा असा भाग हाच. आपण घरी आंघोळीला घेतो ते पाणी अडतीस-चाळीस अंशांच्या घरात असतं. माणसानं बसून राहावं अशा गरम पाण्याची सुरक्षित मर्यादा चाळीस अंश सेल्सिअस मानतात. या टापूतली काही कुंडं त्याच्या बरीच वर आहेत, काहींत पन्नासच्या जवळ. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाच मिनिटांत भाजू शकते. लहान मुलाची त्याहून लवकर. म्हणून ‘कुंड’ या एका शब्दावर विसंबू नका. एकाच आवारात शेजारी-शेजारी तीन कुंडं असतात आणि तिघांची ऊब वेगळी. गावातली माणसं सांगतील, हे म्हाताऱ्यांचं, हे पोरांचं, त्यात फक्त तांब्यानं घ्यायचं. त्यांचं ऐका. शिवाय आमच्याकडे थर्मामीटर असतो. तापाचा नव्हे, तो बेचाळीसच्या पुढे जात नाही. पन्नास-साठपर्यंत मोजणारा डिजिटल हवा. आपल्या गटात एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत काम करणारा कुणीतरी असतोच, त्याला नेमका ठाऊक असतो. काचेचा मात्र नको. पायरीवर फुटला तर काच वेचता येत नाही.

उतरण्याआधी बाहेर, तांब्यानं, साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि साबण पूर्ण धुऊन टाकायचा. कुंडात साबण, शिकेकाई, कपडे धुणं, काही नाही. जपानमध्ये डोंगरातल्या गरम झऱ्यांवरच्या सराईत मुक्कामाला जाणं ही जुनी चाल आहे आणि तिथे हा नियम लहान मूलही पाळतं: आधी अंग घासून धुवायचं, मगच सामायिक पाण्यात उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, आवाज करायचा नाही. आपल्या देवळांतही पाय धुतल्याशिवाय आपण आत जात नाही. कुंडाला तेवढाच मान द्यावा.

पहिल्यांदा पाय, मग गुडघे, मग कमरेपर्यंत, आणि तिथे दोन मिनिटं थांबायचं. मग खांद्यापर्यंत. एकूण दहा मिनिटं पुरेत, सवय असेल तर पंधरा. बाहेर येताना कधीही झटकन उठायचं नाही. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. उभं राहिलं की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूला कमी पडतं. आमच्या काकांचं हेच झालं होतं. आधी पाण्याबाहेर पायरीवर एक-दोन मिनिटं बसावं, मग कुणाचा तरी हात धरून उठावं. उठल्यावर एक पेलाभर पाणी, डोक्याला टापर, अंगावर शाल, आणि अर्धा तास आडवं होणं. त्या अर्ध्या तासात जी गुंगी येते ती या सहलीतली सगळ्यात सुखाची वेळ. एका दिवसात पाच ठिकाणं करणाऱ्यांच्या वाट्याला ती येत नाही.

डोकं पाण्याखाली घालू नका. बुचकळी नाही, उडी नाही, नाकात पाणी नाही. कोमट-गरम पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा राहू शकतो. पाणी नाकातून वर गेलं तर तो मेंदूपर्यंत पोचतो आणि होणारा आजार बहुतेक वेळा जीवघेणा असतो. केरळात २०२४ मध्ये यानं मुलं दगावली. आजार अतिशय दुर्मीळ आहे, घाबरून कुंड टाळण्याची गरज नाही. डोकं पाण्याबाहेर ठेवलं की झालं. पाणी प्यायल्यानं तो होत नाही, पण म्हणून कुंडातलं पाणी तीर्थ म्हणून पिऊही नये. तिथे दिवसभर माणसं आंघोळ करतात.

हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि ‘नको’ म्हटलं तर पाय बुडवून बसण्यावर समाधान मानावं. मधुमेहानं ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांच्याकडे विशेष लक्ष हवं. त्यांना पाणी कोमट वाटतं आणि संध्याकाळी पायाला फोड आलेले दिसतात. त्यांनी पाय घालण्याआधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावं. जखम, गळू, नायटा असेल त्यानं त्या दिवशी सामायिक कुंडात उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना कुंडात न उतरवता बादलीत पाणी काढून, निववून आंघोळ घालावी.

दारूबद्दल स्पष्टच बोलतो. दारूनं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गरम पाण्यानंही. दोन्ही एकत्र आले की माणूस पाण्यात बसल्या-बसल्या शुद्ध हरपू शकतो, आणि शेजारच्याला वाटतं डुलकी लागली. आमच्या गटाची अट आहे: पिणारा त्या दिवशी पाण्यात उतरणार नाही. हे वर्गणी घेतानाच सांगितलेलं असतं, त्यामुळे तिथे वाद होत नाही. देवस्थानचं गाव आहे हा मुद्दा तर आहेच.

प्रत्येक आंघोळीला एक माणूस कोरडा राहतो. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. तो कपडे बदलत नाही, गप्पा मारत नाही, घड्याळ बघतो आणि माणसं मोजतो. किती उतरले, किती वर आले. त्याच्याजवळ ओआरएसची पाकिटं, गूळ, पाण्याची बाटली, रक्तदाब मोजायचं यंत्र. सरकारी आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यानं पहिल्याच दुपारी जाऊन पाहिलेलं असतं, आणि १०८ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. राखणदाराची पाळी आळीपाळीनं बदलते, म्हणजे संध्याकाळी जो कोरडा राहिला तो पहाटे पहिला उतरतो.

खाणं आणि खर्च

आंघोळ जेवणाआधी. जेवल्यावर करायचीच तर दोन तास जाऊ द्यावेत. संध्याकाळच्या आंघोळीआधी चहा आणि थोडे चणे-शेंगदाणे, नंतर गरम जेवण. वज्रेश्वरी-अकलोलीत मिळेल ते जेवलात तरी चालेल, पण थंडीतली एक रात्र मिळालीच आहे आणि मालकानं परवानगी दिली, तर उकडहंडी लावा. आपल्या केळवे-माहीमकडे, वसईत आणि डहाणूत तिचे हात वेगवेगळे. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, हिरवा मसाला ठासून भरायचा, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. मडकं घरूनच न्यावं. पाणी न घालता शिजतं, त्यामुळे वीस माणसांच्या स्वयंपाकाला भांडी फार लागत नाहीत. सोबत तांदळाची भाकरी. गणेशपुरीत मुक्काम असेल तर शाकाहारीच ठेवावं.

वर्गणी निघण्याआधी आठ दिवस घ्या, सगळ्यांकडून एकदम. गाडी आणि खोल्या माणसं मोजून ठरवलेल्या असतात, त्यामुळे ऐनवेळी गळणाऱ्याला त्याचा वाटा परत देता येत नाही, हे आधीच सांगा. जेवणाचे पैसे तेवढे परत द्यावेत. पैसे एकानं सांभाळावेत आणि हिशेब दुसऱ्यानं लिहावा. परतल्यावर दोन दिवसांत तो गटात टाकावा, चहाच्या शेवटच्या कपासकट. ज्या घराला वर्गणी जड जाते त्या घराचं कसं करायचं हे दोघा-तिघांनी आधीच, आवाज न करता ठरवावं. आमच्याकडे दरवर्षी एक-दोन घरांचं तसं असतं आणि कुणाचं ते बाकीच्यांना कधी कळलेलं नाही.

पहाटे

साडेचारला उठवणारा एक जण नेमा. थंडीत पांघरुणातून निघवत नाही, पण पाच वाजता कुंडावर वाफ असते, अंधार असतो, देवळातली घंटा एखादी, आणि पाणी रात्रभर माणसांविना वाहून निवळ झालेलं. त्या वेळी गावातली माणसं आंघोळीला येतात: शेतावर, वीटभट्टीवर, कामाला जाणारी. त्यांना आधी जागा द्या. त्यांच्याकडे आपल्यासारखा अख्खा दिवस नसतो. त्यांचं झालं की उतरा. पहाटेची आंघोळ संध्याकाळपेक्षा थोडी कमी वेळाची ठेवावी, कारण पोट रिकामं असतं आणि बाहेर गार वारा. बॅटरी प्रत्येक घराची वेगळी हवी, आणि पायांत रबरी चपला, काठापर्यंत.

नंतर झोप, मग नाश्ता, मग ज्यांना हवं त्यांनी देवीच्या पायऱ्या चढाव्यात. ओले कपडे प्लॅस्टिकच्या गोणीत भरून डिकीत. सीटखाली ठेवले तर गाडीभर कुबट वास येतो. निघताना राखणदारानं कुंडाच्या काठावर एक फेरी मारावी. विसरलेले पंचे, शाम्पूच्या पुड्या, लहान मुलांचे मोजे सापडतात. दुसऱ्यांच्या पुड्या दिसल्या तर त्याही उचलाव्यात.

दहाला निघालात तर अंबाडी-कुडूसवरून वाड्याला तांदूळ घेऊन मनोर, आणि चिल्हार फाट्यावरून एकच्या सुमारास बोईसर. दुपारच्या पाळीवाल्यांना आधी उतरवा. त्यांचे डबे आम्ही नाश्त्याच्या वेळीच भरून ठेवतो.